शालन, गाडीचं पाणी आता टिकतं

शालन,

दहाव्यापर्यंत घरी जो जो आला, तो तुला 'सोशिक' म्हणून गेला. "फार सोशिक होत्या हो वहिनी. कधी आवाज चढवला नाही." मी मान डोलवत राहिलो. आयुष्यभर ग्रंथालयात बसून लोकांच्या चुका काढल्या, पण भेटायला आलेल्या माणसाची चूक काढायची नसते, एवढं मलाही कळतं. तुला म्हणून सांगतो, लोक तुझ्याबद्दल सर्रास खोटं बोलताहेत.

सोशिक बाई भर रस्त्यात नवऱ्यावर अशी ओरडत नाही. संगम पुलाच्या अलीकडे, एप्रिलच्या उन्हात, तू गाडीच्या खिडकीतून अशी ओरडलीस की शेजारच्या रिक्षावाल्याने दचकून ब्रेक मारला. "आवो, हात नका लावू! उकळतंय त्ये!" आजारपणाच्या चार महिन्यांत तुझा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. खरं सांगू? पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मग कळलं की मी रेडिएटरचं झाकण उघडायला निघालो होतो आणि तू माझा चेहरा वाचवला होतास.

त्या दिवसाबद्दल तुला मी अर्धंच सांगितलं होतं. आता उरलेलं सांगतो.

फेब्रुवारीत, तुझ्या दुसऱ्या केमोच्या आसपास, पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला बॉनेट उघडून दाखवलं होतं. इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, ज्याला तुम्ही लोक कूलंट म्हणता, त्याची टाकी तळाला गेली होती. मी जवळच्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं आणि घरी आलो. आठवड्याने पाहिलं तर पुन्हा तळाला. मग मला सवयच लागली. सकाळी तू झोपलेली असायचीस तेव्हा तांब्या घेऊन खाली जायचं, नळाचं पाणी टाकीत ओतायचं, तांब्या घासून ठेवायचा. तू एकदा विचारलंसही, "तांब्या कुठं घेऊन चाललात?" मी म्हणालो, "तुळशीला." आपल्या क्वार्टरच्या खाली तुळस नाही, हे तुला माहीत होतं. तू कूस बदललीस.

तुला सांगितलं का नाही? तीस वर्षं खडकीच्या लष्करी वर्कशॉपात ट्रकची इंजिनं खोलणारी बाई तू. गाडी गळते म्हटलं असतं तर छातीत बसवलेल्या त्या नळीसकट तू गाडीखाली शिरली असतीस. हे एक कारण. दुसरं कारण मला आत्ता लिहितानाही अवघड जातंय. तुझ्या आजारात मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. सुई टोचणारे वेगळे, रिपोर्ट वाचणारे वेगळे, मी फक्त खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसणारा. सकाळचा तांब्या तेवढा माझा होता. काहीतरी कमी होतंय आणि मी ते भरतोय, असं रोज दोन मिनिटं वाटायचं.

मग त्या दिवशी पुलाच्या अलीकडे तापमानाच्या काट्याने लाल रेघ ओलांडली, बॉनेटमधून वाफ आली, आणि रस्त्यावर तांबूस पाणी सांडत गेलं. तू खिडकीतून त्या पाण्याकडे बघितलंस. तुझं बोलणं घाबरलं की माहेरी, खराडीला जातं, रागावलं तरी खराडीला जातं.

"किती दिस झालं गाडी पाणी खातीय?"

"आजच असं..."

"खोटं नका बोलू. नळाच्या पाण्याचा गंज हाय ह्यो. किती दिस?"

"दोन महिने."

तू नुसतं म्हणालीस, "माझ्या गाडीत नळाचं पाणी." माझ्या आईच्या ताटात कुणी शिळं वाढलं असतं तर ती ज्या आवाजात बोलली असती, तो आवाज.

मी म्हणालो, रिक्षा करू, उशीर होतोय. तू हलायला तयार नव्हतीस. गाडी अशी रस्त्यात टाकून जाणार नाही म्हणालीस. पाऊण तास आपण इंजिन थंड व्हायची वाट बघत बसलो. मी तुझ्यावर वर्तमानपत्राने वारा घालत होतो. पुन्हा पाणी ओतून हॉस्पिटलात पोचलो तोवर तुझी केमोची वेळ निघून गेली होती. त्यांनी परवा बोलावलं.

तुला न सांगितलेलं अर्धं हे आहे. तुला बाकावर बसवून मी डॉक्टरांकडे परत गेलो होतो आणि विचारलं होतं, दोन दिवसांनी फरक पडेल का? ते म्हणाले, नाही. मी दाराशी जाऊन पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. तू गेल्यावर, कागदांवर सह्या करताना, मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "काका, नाही." ते खरं बोलत असतील. मला ते पटत नाही आणि न पटून मी काही करूही शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू प्लास्टिकची खुर्ची खाली न्यायला लावलीस. डोक्याला स्कार्फ, अंगावर माझा स्वेटर, एप्रिलात. खुर्ची बॉनेटसमोर मांडून बसलीस आणि म्हणालीस, "गॅरेजला द्यायची नाही. तुम्ही शोधायचं. मी सांगते."

मी म्हणालो, "मला बल्ब बदलता येत नाही."

"माहितीय. तीस वर्षं बदलतीय मीच."

आपल्या लग्नात माझ्या आईने तुझ्या वडिलांना विचारलं होतं, मुलीला काय काय येतं? ते भाबडेपणाने म्हणाले, ट्रॅक्टर उघडून जोडते. ज्या वावरात तू तो ट्रॅक्टर उघडायचीस तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि माझ्या आईला ते उत्तर शेवटपर्यंत पचलं नाही. मला मात्र फार आवडलं होतं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

तर शोध सुरू झाला. पहिल्या दिवशी तू मला इंजिनातलं तेल तपासायला लावलंस. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखं काही दिसतंय का? नाही. मागून पांढरा धूर? नाही. "मग पाणी इंजिनाच्या पोटात जात नाही. सुटलो." पायाखालची गादी उचलून बघितली, कोरडी होती. म्हणजे आतल्या हीटरमधूनही नाही. गाडीखाली पुठ्ठा अंथरला, तोही कोरडा. रेडिएटर मी तीनदा न्याहाळला. मला काहीच सापडलं नाही, आणि तू मात्र खूश होत गेलीस.

"काही सापडत नाही याचा तुला आनंद होतोय?" मी विचारलं.

"अहो, एकेक जागा बाद होतीय. कुठं नाही ते कळलं की कुठं हाय ते कळतं."

मग तू विचारलंस, "वास कसला येतो?" मी म्हणालो, गोडसर, गुळाचा पाक करपायला लागल्यासारखा. दोन महिने गाडीत तो वास येत होता आणि मला वाटत होतं, तो तुझ्या औषधांचा आहे. औषधांनी तुझं नाक गेलं होतं. नाही तर पहिल्याच दिवशी तुला कळलं असतं. "गोड वास म्हणजे कूलंट गरम लोखंडावर पडतंय," तू म्हणालीस. "पडतंय आणि तिथंच वाफ होतीय. म्हणून खाली थेंब नाही."

आदल्या दुपारी रिक्षाने जाऊन केमो घेऊन आलो होतो, तरी तिसऱ्या दिवशी तू टाल्कम पावडरचा डबा मागवलास. इंजिन पुसून कोरडं करायचं, नळ्यांच्या जोडांवर पावडर भुरभुरायची, गाडी तापू द्यायची, बंद करायची आणि मग टॉर्चने बघायचं की पावडर कुठे ओली झाली. शेजारच्या वाघमारेबाई गॅलरीतून म्हणाल्या, "काय, आंघोळ घातली का गाडीला?" तू म्हणालीस, "हो, मुलगी बघायला येणारेत." किती दिवसांनी हसलीस.

आणि सापडलं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम शिरेल अशा खोबणीत, दोन रबरी नळ्या जिथे एका प्लास्टिकच्या तुकड्यात येऊन मिळतात, तिथली पावडर भिजून कणकेसारखी झाली होती. मी मोबाइलवर फोटो काढून तुला दाखवला. तू तो मोठा करून बघितलास. केसाएवढी चीर. थंड असताना मिटलेली, तापलं की उघडणारी, आणि बरोबर तिच्याखाली धुराचा तापलेला पाइप.

"सरका," तू म्हणालीस आणि खुर्चीवरून उठलीस.

मी अडवलं नाही. इंजिन निवेपर्यंत तू बॉनेटला टेकून उभी राहिलीस, मग हात आत घातलास. वर्कशॉपात तुझी ख्याती होती, तिथे तुझ्या हाताखाली काम केलेले तांबोळीभाई नेहमी सांगतात, की शालनताई चीर डोळ्याने नाही, बोटाने बघते. तू डोळे मिटलेस. बोटं फिरवलीस. पुन्हा फिरवलीस. मग पक्कड मागितलीस, नळीवरची क्लिप काढायला. पक्कड तुझ्या हातातून निसटली आणि इंजिनातून खणखणत खाली गेली. मी उचलून दिली. पुन्हा निसटली.

तिसऱ्यांदा तू मागितली नाहीस. हात बाहेर काढून बघत उभी राहिलीस, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

"कळत नाही," तू म्हणालीस. "बोटांना काही कळत नाही."

"कधीपासून?"

"दुसऱ्या केमोपासून."

म्हणजे फेब्रुवारीपासून. सकाळी फुटलेल्या कपबश्या, साबणाने निसटली म्हणालेली कढई, साडी नेसणं सोडून गाऊन घालायला लागलीस ते. मी चिडलो. माझं चिडणं किती मूर्खपणाचं होतं ते मला आता दिसतं, पण तेव्हा मी तावातावाने बोललो. "डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी औषधाचं प्रमाण बदललं असतं! मला का नाही सांगितलंस?"

"प्रमाण कमी केलं असतं," तू म्हणालीस. "म्हणूनच नाही सांगितलं. आणि तुम्ही सांगितलंत का, पाणी घालताय म्हणून?"

"ते गाडीचं होतं, शालन."

"माझी गाडी होती."

मी काहीतरी उत्तर देणार होतो. काय ते आता आठवत नाही, पण ते चांगलं उत्तर नव्हतं. तेवढ्यात तांबोळीभाई सायकलवरून आले, तुझ्यासाठी आणलेले खजूर हँडलला लटकवून. आपण दोघंही हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे वळलो. भांडण तिथेच राहिलं. मला वाटलं होतं, मग केव्हातरी पुरं करू.

नवा तुकडा तांबोळीभाईंनीच आणून दिला. ते म्हणाले, "ताई, पाच मिनिटांत बसवून देतो." तू म्हणालीस, "नको. यांना करू द्या." त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने बघितलं, ते मी विसरणार नाही. पहिला तुकडा मी क्लिप आवळता आवळता फोडला. "बसवायचं होतं, गळा नव्हता दाबायचा," इति तू. ते दुसरा घेऊन आले. दुसरा बसला. नळाचं सगळं पाणी काढून टाकलं, आतून धुतलं, पाच वेळा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. आता फक्त नवं कूलंट भरायचं आणि नळ्यांत अडकलेली हवा काढायची राहिली होती. ते उद्या, तू म्हणालीस. दमली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला ताप होता आणि धाप लागली होती. तांबोळीभाईंच्या जावयाच्या गाडीतून आपण हॉस्पिटलात गेलो. आपली गाडी तिथेच राहिली, बॉनेट उघडं, पोट रिकामं.

चौथ्या दिवशी तुला थोडं बरं वाटलं. मास्क बाजूला करून तू पहिलं काय विचारलंस? "हवा काढली का?"

"काढली," मी म्हणालो.

"रेडिएटरचा पंखा लागला?"

"लागला."

"किती वेळा?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. "एकदा," मी म्हणालो.

"दोनदा लागेपर्यंत थांबायचं असतं," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

"रविवारी घरी जाऊ, तेव्हा तूच बघ," मी म्हणालो. तू मान हलवलीस. मला तेव्हा वाटलं, हो म्हणालीस.

रविवार तुला मिळाला नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तांबोळीभाई आले. हातात कूलंटचा डबा आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. दोन्ही दाराशी ठेवले. मग म्हणाले, "सर, एक सांगायचं होतं. ताईंचा फोन आला होता मला. हॉस्पिटलातून."

"कधी?"

"तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता तेव्हा. म्हणाल्या, 'सरांनी हवा काढलेली नाही. काढली म्हणतायत. सगळं आटोपलं की जा. तू हात लावू नको, नुसता शेजारी उभा राहा.'"

सगळं आटोपलं की.

शालन, मी चार दिवस तुझ्या खाटेशेजारच्या खुर्चीवरून उठलो नव्हतो, औषधं आणण्यापुरता सोडून. मी गाडीपाशी गेलेलो नाही हे तुला दिसतच होतं. आणि मी रविवारच्या गोष्टी करत होतो तेव्हा तुझं सगळं ठरलेलं होतं. तुला माहीत होतं आणि तू तांबोळीभाईंना सांगितलंस, मला नाही. मला राग आला. अजून आहे. माझ्याशी बोलली असतीस तर मी काय केलं असतं? बहुतेक रडलो असतो, तुला माझीच समजूत काढावी लागली असती. म्हणून बोलली नसशील. पण मला ते हवं होतं. तुझ्याजवळ बसून एकदा, खोटं न बोलता, रडायचं होतं.

आम्ही खाली गेलो. तांबोळीभाई हात मागे बांधून उभे राहिले, निरोप अक्षरशः पाळत. मी अर्धं कूलंट, अर्धं पाणी मिसळून हळूहळू ओतलं. झाकण उघडं ठेवून गाडी सुरू केली, आतला हीटर पूर्ण लावला. मेच्या उकाड्यात गाडीतून गरम हवेचे लोट येत होते. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले. "नळी दाबा, सर," तांबोळीभाई म्हणाले. मी दाबली. मोठा बुडबुडा आला आणि पाणी भसकन खाली गेलं. पुन्हा ओतलं. पुन्हा दाबली. शर्ट पाठीला चिकटला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घामाचं आहे असं तांबोळीभाईंनी धरून चाललं, हा त्यांचा चांगुलपणा.

पंखा लागला. थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा लागला.

"झालं," तांबोळीभाई म्हणाले. मी त्यांचा हात धरला. काळ्या तेलाचा तो हात मला एकदम तुझ्या हातासारखा वाटला आणि मी पटकन सोडला.

आज आठ दिवस झाले. रोज सकाळी खाली जाऊन टाकी बघतो. पाणी रेघेवर आहे, तसूभर हललेलं नाही. मी काही करावं असं तिथे आता काही उरलेलं नाही. तुझा भाऊ म्हणतो, गाडी विकून टाका, तुम्ही एकटे कुठे जाणार? तुझ्या नोकरीचं हे क्वार्टरही सोडायचं आहे. तो बरोबर बोलतोय. मी त्याला बघू म्हणालो.

मला शिकवलंस त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. त्या चार सकाळी, मी ओणवा आणि तू खुर्चीत, आपण जितकं बोललो तितकं गेल्या दहा वर्षांत बोललो नसू. मी ते आजारपण म्हणून मोजत नाही. पण आभार मानायला लागलो की राग येतो, आणि रागवायला लागलो की तुझी बोटं दिसतात. यातलं एकही धड पुरं होत नाही.

काल सकाळी गाडी बाहेर काढली. कुठे जायचं असं नव्हतं. तापते का, एवढंच बघायचं होतं. काटा मधोमध होता. वाकडेवाडी आली, पूल आला, स्टेशन मागे पडलं, आणि वळणं माझ्या हातांनीच घेतली असावीत, कारण भानावर आलो तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकात होतो. तिथल्या वॉचमनने गाडी ओळखली. हसून दोन बोटं कपाळाला लावली आणि नेहमीसारखा भिंतीकडे धावला. चाकं करकरत व्हीलचेअर घेऊन आला, तुझ्या बाजूच्या दारापाशी लावली, आणि दार उघडायला वाकला.

मी काच खाली केली.

"आज नको," मी म्हणालो.

"बरं, बरं," तो म्हणाला आणि खुर्ची मागे घेतली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी पुढे निघालो.